एम.एस्सी. नंतर पुन्हा सिडकोत: नाशिकमध्ये क्यूसीची नोकरी शोधताना

जुलै २०२४ च्या शेवटी मी पुण्यातली खोली सोडली. एम.एस्सी. अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीचा निकाल लागला होता, कॅम्पसला आलेल्या कंपन्यांत काही जमलं नव्हतं आणि नोकरी नसताना ऑगस्टचं भाडं घरून मागणं मला पटत नव्हतं. वाकडेवाडीहून नाशिकच्या ठक्कर बाजारची एसटी धरली आणि सिडकोतल्या आमच्या घरी आले. जानेवारी २०२५ पासून नाशिकच्याच अंबड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. मधले महिने कसे गेले ते लिहून ठेवते आहे. तेव्हा मला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं की वाट किती पाहायची असते, कुठे जायचं असतं, आणि आईबाबांच्या घरात राहून हे सगळं करताना त्यांच्याशी बोलायचं कसं.

घर म्हणजे दोन खोल्या आणि वर बांधलेली एक. वरच्या खोलीत भाऊ बारावीचा अभ्यास करत होता, त्यामुळे मी खालच्या खोलीत. पप्पा सातपूरला टर्नर आहेत, त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पहिला आठवडा लाडात गेला. दुसऱ्या आठवड्यापासून गॅसचा सिलिंडर घ्यायला मी, भावाचा डबा द्यायला मी, शेजारच्या काकूंना बँकेत सोबत मी. आईच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मुलगी घरी आहे, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आहे, म्हणजे मोकळीच आहे, असं तिला दिसत होतं. त्यात येवल्याची आत्या दर रविवारी फोन करून ‘मग काय ठरवलंय पोरीचं’ विचारायची आणि फोन ठेवल्यावर घरात कुणीच काही बोलायचं नाही.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. नोकरी शोधणं हे रोजचं काम आहे, आणि ते घरच्यांना डोळ्यांनी दिसायला हवं. स्क्रीनवर पाठवलेले अर्ज कुणाला दिसत नाहीत. मी एक लांब वही घेतली आणि रकाने पाडले: तारीख, कंपनी, कुठली एमआयडीसी, कोणामार्फत, काय उत्तर आलं, पुढे कधी विचारायचं. ती वही टीव्हीखालच्या फळीवर उघडी ठेवायची, लपवायची नाही. आणि आईला सांगितलं की सकाळी दहा ते एक मी कामावर आहे असं धर. एकनंतर सांगशील ते करीन. तिला ते लगेच पटलं असं नाही, पण गणपतीच्या आत काकू बँकेसाठी आल्या तेव्हा आईच दारातून म्हणाली, “तिचं काम चालू आहे, एक वाजता या.” त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पैशांचंही असंच बोलून घेतलं. महिन्याला दीड हजार रुपये पप्पांकडून, त्यात बसभाडं, झेरॉक्स, फोटो, मोबाइलचा रिचार्ज. दर वेळी हात पसरायचा नाही आणि त्यांनीही कशाला विचारायचं नाही. सप्टेंबरपासून कॉलनीतल्या दहावीच्या दोन मुलांना संध्याकाळी विज्ञान शिकवायला घेतलं, मग ती रक्कम निम्म्यावर आली. घरी परत आलेल्या प्रत्येकाला मी हे सुचवीन. रक्कम लहान असली तरी ती आधी ठरलेली असली की रोजची घुसमट कमी होते.

आता प्रत्यक्ष शोधाकडे. सुरुवातीला जॉबच्या साइटवर प्रोफाइल केलं आणि ऑगस्टभर तिथूनच अर्ज टाकत राहिले. उत्तरं जवळजवळ नाहीतच. जाहिराती नीट वाचल्यावर कारण कळलं. क्यूसीच्या निम्म्या जाहिरातींत ‘एफडीए अ‍ॅप्रूव्हड केमिस्ट’, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची मान्यता असलेला केमिस्ट, असं लिहिलेलं असतं. ही मान्यता लॅबमध्ये अनुभव झाल्यावर कंपनीमार्फत अर्ज करून मिळते, कॉलेजातून निघताना ती कुणाकडेच नसते. त्या जाहिराती फ्रेशरसाठी नाहीत, तिथे वेळ घालवू नका. ‘ट्रेनी’, ‘ज्युनिअर केमिस्ट’, ‘अप्रेंटिस’ हे शब्द शोधा.

ऑगस्टमध्येच महास्वयंम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नोंदणी केली. आधार आणि मोबाइल हाताशी असेल तर ती घरबसल्या होते आणि तिला पैसे लागत नाहीत, त्यामुळे सायबर कॅफेवाला ‘नोंदणी फी’ मागत असेल तर ती त्याच्या टायपिंगची आहे हे लक्षात ठेवा. त्या वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना नुकतीच आली होती. बारावीला ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,०००, पदवी आणि पदव्युत्तरला १०,००० रुपये विद्यावेतन, सहा महिने, वय १८ ते ३५. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येणार. आमच्या गल्लीतली एक मुलगी त्यातून सरकारी कार्यालयात लागली आणि तिला कामाची सवय झाली, माणसांशी बोलायची भीड गेली. मी बराच विचार केला. मला तेव्हा पोर्टलवर ज्या जागा दिसत होत्या त्या सगळ्या ऑफिसकामाच्या होत्या, आणि सहा महिने लॅबपासून दूर गेले तर क्यूसीच्या मुलाखतीत तेच आधी विचारतील असं वाटलं. म्हणून अर्ज केला नाही. तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर तुमचा निर्णयही वेगळा असू शकतो.

एनएटीएस या केंद्र सरकारच्या योजनेतली अप्रेंटिसशिप मात्र मी पर्याय म्हणून शेवटपर्यंत धरून ठेवली. एक वर्षाची मुदत असते आणि तेव्हा पदवीधराला किमान ९,००० रुपये होते. अप्रेंटिसला संपल्यावर कायम करायलाच हवं असं बंधन कंपनीवर नसतं, हे पप्पांनी मला आधीच समजावलं होतं. त्यांच्या वर्कशॉपमधून दरवर्षी अप्रेंटिस येऊन गेलेले त्यांनी पाहिले आहेत.

सप्टेंबरमध्ये रोजगार मेळाव्याला गेले. सकाळी साडेनऊला रांग इमारतीबाहेर आली होती. बायोडेटाच्या भरपूर प्रती न्या, प्रत्येक टेबलावर एक ठेवून घेतात आणि तिथलं झेरॉक्सचं दुकान दुपारपर्यंत तुंबतं. माझ्या विषयाची दोनच टेबलं होती, बाकी विमा, बँकेचं कर्जवसुलीचं काम, वाहन कंपन्यांना आयटीआयची मुलं. तरी तिथल्या एका एचआरच्या मॅडमनी माझा बायोडेटा वाचून जे सांगितलं ते उपयोगी पडलं. “उद्दिष्टाचा परिच्छेद काढ. कोणतं इन्स्ट्रुमेंट हाताळलंस ते सगळ्यात वर लिही, आणि जे नुसतं लांबून पाहिलंस ते लिहू नको.” त्या रात्री बायोडेटा पुन्हा केला: एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), यूव्ही, पोटेन्शिओमेट्रिक टायट्रेशन, प्रोजेक्टमध्ये कोणत्या औषधाचं अ‍ॅसे केलं, म्हणजे त्यातल्या मुख्य घटकाचं प्रमाण मोजलं, कोणता कॉलम, कोणती मोबाइल फेज. दोन पानांचं दीड पान झालं.

याच महिन्यात एक मेल आला. मोठ्या कंपनीचा लोगो, खाली साध्या जीमेलचा पत्ता, ‘तुमची निवड झाली आहे’, आणि युनिफॉर्म व सुरक्षा ठेव म्हणून अडीच हजार रुपये आजच भरा. मी मुलाखतच दिली नव्हती. पैसे भरले नाहीत, पण त्या मेलने आईच्या चेहऱ्यावर जो आनंद आला होता तो खोटा आहे हे तिला सांगणं मला जड गेलं. नोकरीसाठी कुणीही पैसे मागितले की तिथेच थांबा. कुणी भरून बसलं असेल तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पितृपक्ष आणि नवरात्र या काळात कंपन्यांकडून जवळजवळ काहीच हालचाल नव्हती. कालिकेच्या यात्रेला मैत्रिणींबरोबर गेले, सगळ्या नोकरीला लागलेल्या, बोलणं फिरून फिरून पगारावर. घरी येऊन मी दोन दिवस वही उघडली नाही. हे दिवस येतात. मला त्यातून बाहेर काढलं ते पप्पांनी, आणि तेही एक शब्द न बोलता. त्यांची दुसरी शिफ्ट चालू होती, रात्री साडेअकराला येऊन ते जेवायचे. सकाळी वही पाहिली तर एका कंपनीच्या नावासमोर लाल पेनने लिहिलेलं होतं: ‘यांची बस पवननगरला ६.२० ला येते. लॅबच्या मुली असतात.’ अक्षर त्यांचं, ड्रॉइंगवर लिहितात तसं, सुटं आणि ठळक. ते रोज रात्री वही वाचत होते हे मला तेव्हा कळलं.

सिडको ही मुळात कामगारांची वस्ती. पहाटेपासून पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक इथल्या थांब्यांवर डबे घेऊन माणसं उभी असतात आणि पांढऱ्या बसेस एकामागून एक येतात, कुणी सातपूरच्या, कुणी अंबडच्या, कुणी थेट गोंद्याच्या नाहीतर सिन्नरच्या. कोणत्या कंपनीत भरती चालू आहे हे पोर्टलच्या आधी या थांब्यांवर कळतं. मी दसऱ्यानंतर तिथे जायला लागले. पप्पांच्या ओळखीच्या एका काकांनी त्यांच्या सुनेशी गाठ घालून दिली, ती एका कंपनीत क्यूसीला. ताईने बस येईपर्यंतच्या पाच मिनिटांत जे सांगितलं ते मला कुठल्याच साइटवर मिळालं नव्हतं: ट्रेनींच्या जागा दिवाळीनंतर निघतात, कारण बोनस घेऊन बरेच जण कंपनी बदलतात. बायोडेटा एचआरच्या पेटीत टाकू नको, मी आत देते. आणि टायट्रेशनचा सराव कर, आमचे सर प्रॅक्टिकल घेतात.

ओळखीने नोकरी लावून घेतली असं कुणी म्हणेल. ओळखीने माझा कागद योग्य टेबलावर पोहोचला. पुढची परीक्षा सगळ्यांची सारखीच होती. नाशिकमध्ये राहत असाल तर विचारायला लाजू नका, गावातल्या बहुतेक घरांत कुणीतरी एमआयडीसीत आहेच.

दिवाळीपूर्वीचे दिवस मी कागदांना दिले. पुढे याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. माझ्या आधारवर नाव आणि आडनाव एवढंच, गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पीएफचा यूएएन, म्हणजे खात्याचा कायमचा नंबर, आधारवरच्या नावाने आणि जन्मतारखेने निघतो, त्यामुळे आधार, पॅन, बँक तिन्हीकडे एकच नाव असलेलं बरं. आधार केंद्रावर नाव दुरुस्तीला ५० रुपये लागले, नोव्हेंबरच्या आत नवीन आधार डाउनलोड झालं. पॅन आणि बँकेचं त्यामागून. सगळ्या गुणपत्रिका, पासिंग सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये ठेवले, फाइलचं नाव इंग्रजीत आणि स्पष्ट. एचआर दुपारी चारला फोन करून ‘पाच वाजेपर्यंत मेल करा’ म्हणतात, तेव्हा ही तयारी लागते.

नोव्हेंबरमध्ये फोन यायला लागले. पहिला सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतून. सीबीएसवरून सिन्नरची एसटी, महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास खिशाला झेपला, मात्र हायवेवर उतरून वर एमआयडीसीत जायला रिक्षा वेगळी. तिथे सकाळी दहाला बोलावलं आणि माझा नंबर तीनला लागला. सोबत डबा आणि पाण्याची बाटली ठेवा, गेटच्या बाहेर दूरपर्यंत काही मिळत नाही. मुलाखत बरी झाली. त्यांना प्रॉडक्शनसाठी शिफ्टमध्ये माणूस हवा होता, मला लॅब हवी होती. नाही म्हणून सांगितलं, आणि त्या संध्याकाळी घरात पहिल्यांदा थोडे आवाज चढले. आईचं म्हणणं, हातात आलेलं का सोडायचं. पप्पा म्हणाले, “एकदा प्रॉडक्शनला गेली की लॅबमध्ये कोण घेतो, मी बघतो ना तिकडे.” आई गप्प झाली, पण दोन दिवस तिच्या बोलण्यात तेच होतं. तिची काळजी मला समजत होती. पप्पांची निवृत्ती चार वर्षांवर आली आहे आणि भावाची फी पुढे उभी आहे.

ताईच्या कंपनीचा फोन नोव्हेंबर संपताना आला, मुलाखत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, अंबडला. हा दिवस जरा तपशिलात सांगते, कारण क्यूसीच्या फ्रेशर मुलाखती साधारण अशाच असतात.

आधी लेखी, अर्धा तास. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल एक लिटर कसं बनवाल? साधारण ८.५ मिली तीव्र आम्ल, पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी नाही, मग निर्जल सोडियम कार्बोनेटने प्रमाणीकरण. सोडियम हायड्रॉक्साइड असेल तर पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट आणि फिनॉल्फथॅलिन. गोळ्यांच्या डिझोल्यूशनला, म्हणजे गोळी विरघळण्याच्या चाचणीला, तापमान किती आणि किती भांडी? ३७ अंश, सहा भांडी. नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीवर दोन गणितं.

मग प्रॅक्टिकल. सरांनी ब्युरेट लावून दिली आणि म्हणाले, एक रीडिंग घे आणि लिही. मी ब्युरेटच्या टोकातला बुडबुडा आधी काढला, वरची फनेल काढून ठेवली, वाकून डोळा मेनिस्कसच्या, म्हणजे द्रवाच्या वक्र पृष्ठभागाच्या, खालच्या कडेला आणला आणि आकडा लिहिला. शेवटच्या थेंबांना फिकट गुलाबी रंग येऊन टिकेपर्यंत हात नळावरून हलवला नाही. ते सगळं बघत होते, काही बोलत नव्हते. नंतर त्यांनी लॉगबुकचं एक कोरं पान पुढे केलं. “इथे १२.४ च्या जागी १२.६ लिहिलं गेलं असं समज. दुरुस्त कर.” चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, तो खाली वाचता यायला हवा, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, पेन्सिल नाही. औषध कंपनीत डेटा इंटिग्रिटीला, म्हणजे नोंदींच्या खरेपणाला, हात लावू देत नाहीत. नंतर ताईकडून कळलं की चांगले टक्के असलेली मुलंही याच पानावर अडकतात, कारण कॉलेजच्या जर्नलमध्ये खाडाखोडीची सवय लागलेली असते.

तोंडी मुलाखतीत एचपीएलसीवर भर होता. आलेखाची बेसलाइन हलते आहे, काय काय तपासशील? मी क्रमाने सांगितलं: मोबाइल फेज डीगॅस झाली आहे का, पंपात हवा आहे का, कॉलम पुरेसा इक्विलिब्रेट झाला का, मग डिटेक्टरचा दिवा. एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, ‘माहीत नाही सर, वाचून घेईन’ म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं. सगळं मराठी-इंग्रजी मिसळून चाललं होतं, इंग्रजीची धास्ती घेऊन जाऊ नका.

नंतर सगळं थंडावलं. ‘आठवड्यात कळवू’ म्हणाले होते, आठवडा उलटला. मी एकच मेल केला, चार ओळींचा, आणि फोन करायचा मोह टाळला. डिसेंबरच्या मध्यावर मेडिकलला बोलावलं: रक्त, छातीचा एक्स-रे, डोळे. डोळ्यांत रंगांधळेपणाची चाचणी असते, ठिपक्यांतला आकडा ओळखायचा. लॅबमध्ये रंगबदल पाहायचे असल्यामुळे ती कटाक्षाने घेतात. खर्च कंपनीने केला. काही ठिकाणी तो उमेदवाराला करावा लागतो, आधी विचारून घ्या.

नाताळच्या आदल्या दिवशी ऑफर लेटर आलं. सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, अडीच लाखांच्या जरा आत. आईने लगेच बारा महिन्यांनी भागून पाहिलं आणि वीस हजारांवर आकडा ऐकून खूश झाली. मग पप्पा आणि मी पत्र घेऊन बसलो. बेसिक १२,५००, सगळे भत्ते धरून ग्रॉस १७,८००. माझा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,५००. ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) ग्रॉसच्या ०.७५ टक्के, १३४ रुपये, कारण २१,००० पर्यंत पगार असेल तर ते लागू होतं. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. पुरुष असेल तर या पगारावर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात. हातात येणार १६,१६६, त्यातून कँटीनचे पैसे जाणार. सीटीसीत कंपनीचा पीएफ, कंपनीची ईएसआयसी आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, ते पैसे महिन्याला हातात येत नाहीत. हे आधी माहीत असलं की पहिल्या पगाराला मन खट्टू होत नाही. ईएसआयसीचा एक मोठा फायदा म्हणजे अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही त्यात उपचार मिळू शकतात. पप्पा स्वतः कमावते आहेत म्हणून आमच्याकडे तो प्रश्न आला नाही, पण तुम्ही विचारून घ्या.

पत्रात आणखी दोन ठिकाणी बोट ठेवून वाचा. प्रोबेशन किती आणि त्या काळात नोटीस किती, आणि ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड आहे का. माझं प्रोबेशन सहा महिने, नोटीस एक महिना, बाँड नाही. मूळ गुणपत्रिका पडताळणीला दाखवायच्या आणि त्याच दिवशी परत घ्यायच्या. ‘ठेवून जा’ म्हणाले तर कारण लेखी मागा. मैत्रिणीच्या गुणपत्रिका एका ठिकाणी अशा अडकून पडल्या होत्या आणि तिला दुसरीकडे रुजू होता येईना.

६ जानेवारी २०२५ ला, सोमवारी, रुजू झाले. पहिला आठवडा एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतींचे कागद, वाचण्यात आणि ट्रेनिंगच्या सह्यांमध्ये जातो, कुणी कुठल्याच इन्स्ट्रुमेंटला हात लावू देत नाही, त्यात वावगं काही नाही. पीएफचा फॉर्म ११ आणि नॉमिनेशन भरायला आईवडिलांच्या जन्मतारखा लागतात, त्या आधार बघून लिहून न्या. पहिला पगार अपुऱ्या महिन्याचा, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर आला. घरखर्चाला महिन्याला पाच हजार द्यायचे असं मी आईशी ठरवलं. ती आधी नको म्हणाली, मग किराण्याचं बिल माझ्याकडे दिलं. शिकवणीची मुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा देणार होती, म्हणून तोवर बसमधून उतरल्यावर त्यांना शिकवत राहिले. कन्फर्मेशनचं पत्र जुलैत मिळालं आणि आता ट्रेनींना लॉगबुक कसं लिहायचं ते मी दाखवते.